कामथडीचे दोन फर्लांग

परवा पुण्याहून दोन मुलं आली होती. मुलं म्हणजे चांगले बाप्ये, पण माझ्या वयाला सगळी मुलंच. जुन्या गाड्या शोधत हिंडतात म्हणे. त्या नीट करायच्या आणि विमानाच्या रिकाम्या धावपट्टीवर नेऊन पाव मैल पळवायच्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, जागेवरून सोडतात, आणि पाव मैलात कोण पुढं जातं ते बघतात. त्यातही एक गट असा की गाडी कारखान्यातून निघाली तशीच पाहिजे, इंजिनाला काही जास्तीचं केलेलं चालत नाही. हे सगळं ती मला सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगत होती, म्हातारीला कळावं म्हणून. मी म्हटलं, बाळांनो, आधी चहा घ्या. पाव मैल म्हणजे दोन फर्लांग, ते मला नका शिकवू.

शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली तशी दोघं पुढं सरसावली. एकानं बॉनेटवरून हात फिरवला, दुसरा खाली वाकून चाकं बघायला लागला. इंजिन तेच आहे का, हो. डायनामो तोच का, हो. रंग? रंग मात्र आम्ही दिलेला, पण होता तोच हिरवा. मग पहिला दार उघडून आत बसला आणि त्याचा पाय काही क्लचला पुरेना.

"आजी, ही सीट इतकी मागं का बसवलीय?" तो म्हणाला. "हे काही ओरिजिनल नाही."

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. एवढ्याशा प्रश्नाला एवढं मोठं उत्तर कुणी देत नाही. पण ती गेल्यापासून ते डोक्यातून जाईना, म्हणून सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मामंजी म्हणायचो आम्ही त्यांना. परदेशी मोठी गाडी, सहा सिलिंडरची, कुणा बड्या माणसाकडून जुनी झाल्यावर त्यांनी घेतलेली. भोर ते नसरापूर आणि तिथून वेल्हे अशा तिच्या खेपा चालायच्या. तेव्हा एस.टी. दिवसातून एखादी, ती पण तिच्या मर्जीनं. त्यामुळं बाजारकरी, बाळंतिणी, कोर्टाच्या तारखेला निघालेले, कोंबड्या, गुळाच्या ढेपा, सगळं त्या गाडीत. मामंजींना दोन मुलगे. थोरले माझे दीर, त्यांना सगळं भोर दादा म्हणायचं, आम्ही पण दादाच म्हणायचो. ते गाडी चालवायचे. धाकटे म्हणजे आमचे हे. यांनी कधी धड चालवली नाही, पण गाडीच्या पोटात काय दुखतंय ते यांना बाहेरून कळायचं. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. मी नवी असताना मला वाटायचं, हा माणूस गाडीशी बोलतोय आणि आपल्याशी बोलत नाही. अगदीच खोटं नव्हतं ते.

आणि दसऱ्याची शर्यत. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. खंडेनवमीला सगळ्या टॅक्सीवाल्यांनी गाड्या धुवायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. आणि दसऱ्याला दुपारी सगळ्यांनी कामथडीला जमायचं. तिथं सातारा रस्ता सरळ आहे. मैल जाऊन किलोमीटर आले तरी फर्लांगाचे दगड कुणी उपटले नव्हते. एका दगडापाशी दोन गाड्या उभ्या करायच्या, एक दगड सोडायचा, पुढच्या दगडाला शर्यत संपली. दोन्ही टोकांना लाल फडकी घेऊन माणसं उभी. येणारे ट्रक थांबायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायच्या ऐवजी उतरून रस्त्याच्या कडेला बघायला बसायचे. रहदारी तरी किती होती तेव्हा!

नियम दोनच, पण पक्के. गाडी धंद्याला चालते त्याच अवतारात पाहिजे. कॅरिअर काढायचं नाही, स्टेपनी काढायची नाही, मागची सीट काढून हलकी करायची नाही. दुसरा नियम त्याहून भारी. चालवणारा धरून गाडीत पाच माणसं पाहिजेत, आणि ती त्याच्या स्वतःच्या घरची. मागं कधी एक बहाद्दर एकटाच गाडी पळवायला गेला आणि चारीत जाऊन पडला, तेव्हा जुन्या ड्रायव्हरांनी हा नियम काढला होता. बायकापोरं गाडीत बसली की माणूस ब्रेक विसरत नाही. कुणा शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे, पण मी आजवर ऐकलेल्या नियमांत याच्याएवढा शहाणा नियम दुसरा नाही. बक्षीस काय, तर एक नारळ, आणि हरलेल्यानं जिंकलेल्याला पहिलं सोनं द्यायचं. आपट्याचं पान हो, दुसरं कसलं सोनं.

लग्न होऊन आले त्या वर्षी मला पण गाडीत बसवलं. पाचावं माणूस भरायचं होतं ना. मामंजी, दादा, जाऊबाई, हे आणि मी. मी पदर दातात धरून देवाचं नाव घेत होते आणि जाऊबाई मला कोपरानं ढोसत हसत होत्या. गाडी दगडापाशी लागली की दादा चपला काढून रस्त्याकडेला ठेवायचे. एरवी वर्षभर चपला घालून गाडी चालवायचे, फक्त त्या दिवशी अनवाणी. क्लच कुठं सुटतो ते तळपायाला कळतं, चपलेला काय कळणार, म्हणायचे. फडकं खाली पडलं की गाडी अशी निघायची की पोटातलं पाणी हलू नये, आणि तरी शेजारची गाडी मागं पडलेली असायची. हे पुढं त्यांच्या शेजारी बसून एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त कान देऊन. मग जिंकल्यावर दोघं भाऊ एकमेकांकडं बघून मान हलवायचे. बस्स, तेवढंच त्यांचं बोलणं. मला वाटायचं, किती कमी बोलतात हे लोक. पुढं कळलं, ते खूपच होतं.

मामंजी गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. जमिनीवरून भांडण नाही, घरावरून नाही. उत्रोलीची भातखाचरं आणि तिथलं घर दादांकडं, भोरचं घर आणि शेड यांच्याकडं, कुणी ब्र काढला नाही. घोडं अडलं ते गाडीपाशी. आधी दोघंही म्हणत होते, तू घे, तू घे. मग पंचांतला एक भोचक म्हातारा म्हणाला, अरे पण गाडी खरी कुणाची? त्याला मेल्याला कुणी विचारलं होतं! दादा म्हणाले, गाडी चालवणाऱ्याची असती. हे म्हणाले, जगवणाऱ्याची असती. झालं. दोन वाक्यं. दोघंही खरं बोलले आणि दोघांनाही ते लागलं. शेवटी तुला नको मला नको करत गाडी पासलीच्या एका शेतकऱ्याला गेली. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे किती बंद! उत्रोली ती काय लांब आहे? भोरचा बाजार तर दोघांचाही तोच. दादा दुकानात असले तर हे बाहेर उभे. हे पारावर असले तर दादा पलीकडच्या अंगानं. आम्ही जावा मात्र बाजारात भेटायचो, भाजी निवडत बोलायचो, लेकरांच्या पाठीवरून हात फिरवायचो. आमचं काही बिघडलं नव्हतं. बायकांना भांडणं लावायची हौस असते म्हणतात. आमच्या घरी ती हौस पुरुषांनीच भागवली.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पेट्रोल महागलं, आणि एकेक करून सगळ्यांनी आपल्या जुन्या गाड्यांना डिझेलची इंजिनं घातली. कामथडीची शर्यत चालू होती, पण आम्ही जात नव्हतो, गाडीच नव्हती. अशात एकदा वेल्ह्याच्या बाजारात यांना कुणीतरी सांगितलं की तुमची हिरवी गाडी पासलीला गोठ्यात पडलीय. घरी आले, जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, चल, येतीस का पासलीला? लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कुठं चल म्हणून विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते गोठा बघायला.

गोठ्यात म्हशींच्या पलीकडं ती उभी होती. म्हणजे उभी कसली, चारी चाकांनी जमिनीत रुतलेली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती आमच्यावर डाफरली. टपावर पेंढा रचलेला. त्या शेतकऱ्यानं सुरुवातीला तिच्यातून भाताची पोती नेली, मग काहीतरी तुटलं, आणि घाटाच्या वर कोण फिटर येणार, म्हणून तशीच ठेवली. माणूस चांगला होता. न्या म्हणाला तुमची लेक. त्याच्या गिरणीचं इंजिन बिघडलं होतं, ते यांनी तिथंच बसून नीट करून दिलं आणि गाडी ट्रकला बांधून आणली. मी ट्रकमध्ये पुढं बसले होते. हे मागं गाडीत बसले, बंद गाडीचं स्टीअरिंग धरून, सगळा घाट.

त्या पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये दुसरं काही झालंच नाही. इंजिन जाम होतं. प्लग काढून भोकांतून रॉकेल आणि तेल सोडायचे, वाट बघायचे, हँडल लावून बघायचे, पुन्हा तेल. एक दिवस हँडल बोटभर फिरलं तर घरात येऊन मला सांगून गेले, जणू नातू झाला. जुन्या बाजारातून एकेक भाग गोळा केला. लोक म्हणायचे, येड लागलंय का, डिझेल घाल आणि धंद्याला लाव. हे म्हणायचे, दुसऱ्याचं काळीज घातल्यावर ती बापाची गाडी कशी राहील? जशी होती तशीच करायची.

सीट माझ्याकडं आल्या. मी तेव्हा घरी शिवणकाम करायची, परकर-पोलकी. रेक्झिन कधी शिवलं नव्हतं. सुया मोडल्या, बोटं सोलली, शिव्या दिल्या त्या वेगळ्याच. जुनं कव्हर उसवलं तर त्याच्याखाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी एक. सगळ्यात खालचं मूळचं, तपकिरी, उभ्या पट्ट्यांचं. तेच कापायला नमुना म्हणून धरलं. काथ्या पिंजून नवा भरला. पुढच्या सीटच्या फटीत चुन्याची डबी सापडली, दादांची. मी यांच्या हातात दिली. यांनी ती पुसली आणि पुढच्या खणात, दादा ठेवायचे तिथंच ठेवून दिली.

पण मला कळलं ते सीट बसवताना. पुढची सीट म्हणजे एक अख्खं बाकडं, ते पूर्वी रुळावर मागंपुढं सरकायचं. रूळ गंजून गेला होता, म्हणून यांनी खाली पट्टी मारून ते बोल्टनं पक्कं केलं. पार मागं. दादा उंच, ताडमाड. हे माझ्याएवढे. बसून बघितलं तर यांचा पाय क्लचवर नुसता टेकत होता, दाबायचं म्हटलं तर घसरून खाली यावं लागत होतं.

मी म्हटलं, अहो, माप चुकलं.

"न्हाई चुकलं," हे म्हणाले, आणि पान्हा घेऊन बोल्ट आणखी आवळायला लागले.

म्हणजे सगळा पावसाळा हे चाललं होतं ते दादांसाठी. दसऱ्याला कामथडीला गाडी न्यायची आणि दादांनी ती चालवायची. मला इतकं भरून आलं की विचारू नका. मी म्हटलं, मग आजच जा उत्रोलीला, सांगून या त्यांना. तर एकदम ताठ झाले. घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का, म्हणाले. आवतण परक्याला द्यायचं असतं. मी बोलवायला गेलो म्हणजे त्यो परका झाला असं मीच कबूल केलं. गाडी त्याच्या बापाची हाय, त्यानं यावं.

बाजारात जाऊबाई भेटल्या तेव्हा मी मुद्दाम गाडीचा विषय काढला. त्यांना सगळं ठाऊक होतं. दादांना पण. इंजिन सुरू झालं ते सुद्धा त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, कोण सांगत होतं कोण जाणे. मग येतील का हो, मी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, यायला जीव टाकत्यात गं, पण बोलवल्याबिगर कसं येणार? चूल येगळी झाली म्हंजे घर येगळं झालं. येगळ्या घरी आवतनाबिगर गेलं तर लोक काय म्हणतील, वाटणी झाली तरी हक्क सांगाया आला. बघा आता! एक म्हणतो बोलावलं तर परका होईल, दुसरा म्हणतो न बोलावता गेलो तर लाचार ठरेन. दोघांचंही बरोबर. आमच्याकडची रीतच तशी, दोन्हीकडून बरोबर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ पण शाबूत होता.

मी घरी येऊन यांच्या कानावर सगळं घातलं. चिडले, जेवण अर्धं टाकून उठले. पण दोन दिवसांनी गाडी पुसता पुसता म्हणाले की दसऱ्याला उत्रोलीवरून जाऊ. कामथडीला जायला उत्रोलीवरून जायची काही गरज नाही, उलट लांबचा फेरा पडतो. मला तेवढं पुरलं. मी पुढच्या बाजाराला जाऊबाईंना सांगितलं, दसऱ्याला गाडी उत्रोलीच्या फाट्यावरून जाणार आहे, जेवणं आटपली की. त्यांनी माझा हात घट्ट धरला. बोलवणं नाही म्हणून पण झालं आणि बोलवणं म्हणून पण झालं, असं आम्हा दोघींना वाटलं. केवढ्या शहाण्या आम्ही.

दसऱ्याला गाडी अशी दिसत होती की गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. मागं मी आणि आमच्या दोन मुली, नवे झगे घालून. पुढं हे, पाठीशी उशी घेतलेली, नाहीतर क्लच दाबणं मुश्कील. यांच्या शेजारची जागा मोकळी. मी नियम विसरले नव्हते. पाचावं कोण, मी विचारलं. यांनी आरसा नीट केला आणि म्हणाले, वाटंत भेटल.

उत्रोलीचा फाटा लांबूनच दिसला आणि दादा पण दिसले. बाभळीखाली उभे होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्याला नवी टोपी, खिशात आपट्याची पानं खोचलेली. गाडीचा वेग कमी झाला. यांनी दुसरा गिअर टाकला. मी बघतेय तर दादांच्या पायात काही नव्हतं. चपला शेजारी, बाभळीच्या बुडाशी नीट जोडून ठेवलेल्या.

"थांबा," मी म्हटलं. "अहो, ते अनवाणी उभे आहेत."

"हात करू दे," हे म्हणाले. "हात केला की थांबतो."

गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. दादांनी मान जरा तिरकी केली होती, इंजिन ऐकत होते. हात दोन्ही खाली. यांची नजर त्यांच्या हातांवर, त्यांची नजर बॉनेटवर. मी पुन्हा म्हटलं थांबा. मोठ्यानं म्हटलं. मुली माझ्याकडं बघायला लागल्या. गाडी त्यांच्यासमोरून गेली, इतक्या जवळून की मी काचेतून हात काढला असता तर त्यांच्या शर्टाला लागला असता. हात हलला नाही आणि गाडी थांबली नाही. मी मागच्या काचेतून बघत राहिले. वळण येईस्तोवर ते तसेच उभे होते, चपला न घालता.

हे पुढं बघून चालवत होते आणि जबडा हलत होता. हात केला असता तर, हात केला असता तर, असं दोनदा पुटपुटले. मी त्या दिवशी यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. मुलींनी कानांवर हात ठेवले असतील.

कामथडीला आम्हाला बघून जुन्या लोकांना आनंद झाला. गाडीभोवती गर्दी, कौतुक. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं माणसं मोजली आणि विचारलं, पाचावं कुठंय? दादा न्हाई आला? यांनी नुसती मान हलवली. लोकांनी समजून घेतलं. कुणाच्या तरी टपावर भाताचं पोतं होतं, ते आणून पुढच्या सीटवर ठेवलं, वजनाला वजन म्हणून. मला त्या पोत्याकडं बघवेना म्हणून मी बाहेर बघत बसले.

फडकं पडलं आणि यांनी क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, मुली पुढच्या सीटवर आपटल्या, इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू करून गाडी हलली तोवर शेजारची पुढच्या दगडाला पोचली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. यांनी जिंकणाऱ्याला सोनं दिलं, गळाभेट घेतली आणि गाडी काढली. येताना पुन्हा उत्रोलीवरून घातली.

फाट्यावर कुणी नव्हतं. बाभळीखाली यांनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. बैल गेला नि झोपा केला. सोनं लुटायची वेळ, माणसं देवळाकडं गेलेली, कोण ऐकणार? दादांचं घर फाट्यापासून दोन फर्लांग, जास्त नाही. इथून दिसत होतं. मी म्हटलं, चला, सोनं द्यायला तर कुणी पण जातं, शत्रूच्या घरी पण जातात. हे स्टीअरिंगवर हात ठेवून त्या घराकडं बघत राहिले. मग म्हणाले, आज नको, दुपारी ह्यो तमाशा करून आता कुठल्या तोंडानं जाऊ. दिवाळीला जाऊ.

दिवाळीला भाताची कापणी आली, ते कामात. आणि मग पौषात दादांना ताप आला, तो छातीत भरला. आम्हाला निरोप आला तेव्हा हे त्याच गाडीनं निघाले. वाटेत कुठंही गिअर कमी केला नाही. पण घरासमोर माणसं बाहेर बसलेली दिसली आणि यांनी इंजिन बंद केलं. दारापर्यंत गाडी नुसती घरंगळत गेली.

दहाव्याला जाऊबाई आमच्यापाशी येऊन बसल्या. रागानं नाही, ते त्यांच्यात नव्हतंच. दसऱ्याला काय झालं ते सांगितलं. सकाळपासून दादांचा पाय घरात ठरत नव्हता. दुपारच्या आधीच जाऊन बाभळीखाली उभे राहिले. गाडी गेल्यावर घरी आले आणि भाकरी खाल्ली, काही झालंच नाही असं. जाऊबाई म्हणाल्या, मी इच्यारलं, अवो, हात का न्हाई केला? तर मला म्हणाले...

यांनी वर बघितलं.

"म्हणाले, मी काय उतारू हाय का? आपल्याच गाडीला हात काय करायचा?"

आणि मग पाणी पिताना म्हणाले होते, इंजिन लई चांगलं बोलतंय. दुसऱ्या सिलिंडरला जरा चुकतंय, त्याला कुणीतरी सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बॉनेट उघडलं आणि दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. काजळी धरली होती. फार नाही, थोडी. यांच्या कानाला ती तीन महिने लागली नव्हती आणि दादांना चालत्या गाडीची रस्त्याकडेनं कळली. प्लग हातात घेऊन हे मडगार्डवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी जवळ गेले नाही. काय सांगणार होते मी? दोघं एकमेकांना ओळखत होते ना इतकं. त्या ओळखीचं काय लोणचं घालायचं?

पुढं यांनी गाडी शर्यतीला कधी नेली नाही. धंद्याला पण नाही. दर दसऱ्याला धुवायचे, माळ घालायचे, सुरू करून ऐकायचे आणि बंद करायचे. चालवायची वेळ आली तर उशी घ्यायचे. मी एकदा म्हटलं, आता तरी सीट पुढं घ्या, कुणासाठी ठेवलीय? माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही. आता हे पण नाहीत. जाऊबाई पण नाहीत. चुन्याची डबी खणात आहे.

ती पुण्याची मुलं काल पुन्हा आली. गाडी द्या म्हणाली, जीव लावून ठेवू, जशी आहे तशी, फक्त सीट तेवढी नीट बसवून घेऊ. मी त्यांना चहा दिला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. जाताना त्यातला एक दारात रेंगाळला. वाईट वाटलं असेल त्याला. म्हणाला, आजी, दसऱ्याला या रस्त्यानं आलो तर बघायला आत येऊ का, की आधी विचारू?

मी म्हटलं, विचारू नकोस बाबा. आणि मी दारात दिसले तर हाताची वाट बघू नकोस. सरळ थांब.